सुकलेली पानं रंगवते, पण प्रार्थनेला शब्द येत नाहीत

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

माझं वय 47. लहानपणापासून चर्चमध्येच वाढले. दीड वर्षापूर्वी आई गेली. शेवटचे काही महिने तिचे फार हाल झाले, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केल्या, उपास केले, पण ती बरी झाली नाही. तेव्हापासून प्रार्थना होत नाही, बसलं की शब्दच येत नाहीत, बायबल उघडते आणि एकाच पानाकडे बघत राहते. मध्ये एकदा मुलीचे जुने वॉटरकलर हाताला लागले आणि दाराशी पडलेलं एक सुकलेलं पान मी रंगवलं. त्या तासाभरात कितीतरी महिन्यांनी मला जरा हलकं वाटलं. आता मी रोज काहीतरी काढते, वाळलेली पानं, फुटलेल्या शेंगा, मोडलेल्या फांद्या. चर्चमधल्या एक काकू, ज्या स्वतः विधवा आहेत आणि माझ्यावर खूप माया करतात, त्या म्हणाल्या की तू निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीच्या मागे लागली आहेस. महिला मंडळातल्या बायका म्हणतात इतकं उदास का काढतेस, फुलपाखरं काढ, खाली एखादं वचन लिही, आपण त्याची कार्डं करू. आणि माझी एक मैत्रीण, जिला आईसारखाच आजार झालाय, तिनं माझ्याकडे एक चित्र मागितलंय. मी खरंच देवापासून पळते आहे का? चित्रावर वचन लिहिलं नाही तर ते ख्रिस्ती नाही का? आणि मैत्रिणीला काय काढून देऊ?

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी ते बराच वेळ बाजूला ठेवू शकले नाही. तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत पण मला वाटतं सगळ्यांच्या मुळाशी एकच आहे, की मला जे हलकं वाटतंय ते खरं आहे की मी स्वतःची फसवणूक करतेय. तर आधी तेवढं सांगते, ते खरं आहे. त्याला घाबरू नका. पण ते हलकं वाटणं म्हणजेच ख्रिस्ती आशा असं मात्र मी म्हणणार नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या तर तुमच्या मनावरचं बरंच ओझं उतरेल असं मला वाटतं.

पहिल्यांदा प्रार्थनेबद्दल. तुम्ही लिहिलंय "प्रार्थना होत नाही", पण तुमचं पत्र नीट वाचलं तर असं दिसतं की होत नाहीये ते बोलणं. तुम्ही बसताय, बायबल उघडताय, एकाच पानाकडे बघत राहताय. हे सगळं कुणापुढे चाललंय मग? देवाशी काही देणंघेणंच उरलेलं नसतं तर तुम्ही बायबल उघडलंच नसतं, आणि पळते आहे का म्हणून मला पत्रही लिहिलं नसतं. पौलानं रोमकरांच्या पत्रात, आठव्या अध्यायात, सरळ लिहून ठेवलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे शब्द संपण्याची वेळ येणार हे धरूनच चाललेलं आहे. आणि स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढून बघा, बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वर येतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी त्याला आनंदी शेवट जोडला नाही. ज्यांना ज्यांना वाटतं की देवापुढे जायचं तर चेहरा नीट करून जायला हवं त्यांनी ते स्तोत्र वाचावं असं मी नेहमी सांगते.

आता चित्रांकडे येते. येशूनं चिंतेनं पोखरलेल्या लोकांना काय करायला सांगितलं ते मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे आणि आपल्या सगळ्यांना पाठ आहे, "रानातील भूकमळे कशी वाढतात ह्याचा नीट विचार करा." पाठ असल्यामुळेच बहुतेक आपण ते करत नाही. आपण ते वचन फ्रेम करून लावतो आणि फुलाकडे बघायचं राहून जातं. तुम्ही एका पानाकडे तासभर बघितलंत, त्याच्या कडा कशा वळल्यात, मधली शीर कुठे तुटलीय, तपकिरी रंग एकच नाही तर त्यात जांभळा पण आहे आणि राखाडी पण, हे सगळं तुम्हाला बघावंच लागलं कारण नाहीतर ते रंगवता आलं नसतं. नीट बघा म्हणून प्रभूनं सांगितलेलं तुम्ही केलंत, न ठरवता केलंत एवढंच.

पण त्या उताऱ्यात पुढची ओळ आहे जी कार्डांवर सहसा येत नाही. ते रानातलं गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडतं असं तो तिथेच म्हणतो. म्हणजे देवाची काळजी दाखवायला येशूनं हजार वर्षं उभा राहणारा वृक्ष निवडला नाही, उद्या जळून जाणारं फूल निवडलं. यात मला फार मोठा दिलासा वाटतो, आणि तुमच्या मंडळातल्या बायकांना मी हेच दाखवीन, की सुकलेलं पान काढणं म्हणजे उदासपणा नाही, ज्याच्यावर देव इतकी मेहनत घेतो ते किती लवकर सुकतं हे येशूनं लपवलं नव्हतं तर आपण का लपवावं.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते.

निसर्गातून आशा मिळते असं आपण फार सहज म्हणून जातो. पानगळ होते मग पालवी येते, रात्र होते मग सकाळ होते, तसंच दुःखानंतर सुख येतं वगैरे. चांगल्या मनानं बोलतात लोक. पण ज्याचं माणूस गेलंय त्याला हे टोचतं, आणि का टोचतं ते बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाइतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नाही. चौदाव्या अध्यायात तो म्हणतो की झाडाला आशा असते, ते तोडलं, त्याचं मूळ जमिनीत जुनं झालं, बुंधा मातीत मरायला लागला तरी पाण्याचा नुसता वास आला की त्याला पुन्हा धुमारे फुटतात. आणि पुढे लगेच, पण माणूस मरतो, आणि मग तो कुठे असतो? म्हणजे ईयोब निसर्गाकडे बघतोय, नीट बघतोय, आणि त्याला दिसतंय की झाडाची आशा माझ्या कामाची नाही. झाडाला नवीन पान येईल, पण ते दुसरं पान असेल. तुमच्या चित्रातलं ते पान परत त्या फांदीवर जाणार नाही, आणि आई परत घरात येणार नाही, आणि हे तुम्हाला माहिती आहे म्हणूनच बहुतेक तुम्हाला कोवळी पालवी काढावीशी वाटत नाहीये. मला यात अविश्वास दिसत नाही. ईयोबाच्या जागी उभ्या आहात तुम्ही, आणि ती जागा शास्त्रातच आहे.

ईयोबाच्या त्या प्रश्नाला झाडांकडे उत्तर नाही. कुठल्याच ऋतूकडे नाही. ख्रिस्ती माणसाची आशा ही निसर्गात काहीतरी परत परत होतं यावर उभीच नाही, एकदाच झालेल्या एका गोष्टीवर उभी आहे. आणि ती गोष्ट कुठे झाली बघा. योहान सांगतो की जिथे येशूला वधस्तंभावर दिलं तिथे एक बाग होती आणि बागेत एक नवी कबर होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी अंधार असतानाच मग्दालीया मरीया तिथे गेली, रडत उभी राहिली, मागे वळली तर कुणीतरी उभं होतं, आणि तिला वाटलं तो माळी आहे. तो "मरीये" म्हणाला तेव्हा तिनं ओळखलं, तो मेलेल्यांतून उठलेला येशू होता. मला त्या प्रसंगात नेहमी असं वाटतं की बागेनं तिचं दुःख हलकं केलं नाही, बाग तर तिच्या भोवती आधीपासून होतीच, झाडं असतील, पहाटेची हवा असेल, त्या सगळ्यात ती रडतच होती. तिचं नाव घेणारा भेटला तेव्हा सगळं बदललं. पण ती बागेतून निघून गेली असती तर? शिष्य येऊन, बघून घरी गेले असं तिथेच लिहिलंय. ती थांबली होती.

तुमची चित्रं ही थांबण्याची जागा आहे असं मी समजते. चित्र तुम्हाला आशा देईल अशी अपेक्षा त्याच्यावर टाकू नका, ते फार नाजूक आहे, तुटेल. पण आशा जिथून येणार त्या ठिकाणाहून निघून न जाता थांबायला ते तुम्हाला मदत करतंय, आणि इतकं काम त्यानं केलं तरी पुष्कळ झालं.

काकूंचं म्हणणं झटकून टाकू नका मात्र. त्यांची काळजी शास्त्रातूनच आलेली आहे, रोमकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल नेमकं हेच म्हणतो की लोकांनी उत्पन्नकर्त्याला सोडून उत्पन्न केलेल्याची भक्ती केली. हे होऊ शकतं. कलेच्या बाबतीत तर विशेष होतं, कारण त्यात सुख मिळतं, कौतुक मिळतं, आणि हळूहळू माणूस त्या सुखासाठीच बसायला लागतो. पण त्याच शास्त्रात दुसरी बाजूही आहे. ज्या देवानं मूर्ती करू नका म्हणून आज्ञा दिली त्यानंच निर्गम पंचविसाव्या अध्यायात दीपवृक्ष घडवायला सांगताना त्याला बदामाच्या फुलांच्या आकाराच्या वाट्या करा असं सांगितलं, आणि पुढे अठ्ठाविसाव्या अध्यायात याजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबं लावायला सांगितली. शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर खजुरीची झाडं आणि उमललेली फुलं कोरलेली होती. आणि बसालेल नावाच्या कारागिराबद्दल देव म्हणतो की मी त्याला माझ्या आत्म्यानं परिपूर्ण केलंय, कशासाठी, तर सोनं, रुपं, लाकूड, रत्नं यांत कलाकुसर करण्यासाठी. म्हणजे फूल घडवणाऱ्या हाताला देवाच्या आत्म्याशी जोडायला शास्त्राला काही अवघड वाटलेलं नाही.

मग ओळखायचं कसं की आपण कुठल्या बाजूला आहोत? मी स्वतः यासाठी एवढंच बघते की चित्र काढून उठल्यावर माणूस कसा असतो. तुम्ही उठता तेव्हा घरच्यांशी बोलायला थोडी जागा झालेली असते का, की कुणी मध्ये आलं तर चिडचिड होते? आईची आठवण जवळ येऊ देता का, की ती येऊ नये म्हणूनच ब्रश धरता? दुसऱ्याच्या दुःखाकडे जास्त लक्ष जातं का? तुमच्या पत्रात मैत्रिणीबद्दलचा प्रश्न आहे, तुम्ही स्वतः इतक्या त्रासात असून तिला काय देऊ म्हणून विचारताय, त्यावरून मला तरी काळजी वाटत नाही. पण हे प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारत राहा, उत्तर बदललं तर लक्षात येईल.

आणि काकूंबद्दल एक. त्या विधवा आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, पण पुष्कळदा असं असतं की ज्यांना त्यांच्या दुःखाच्या वेळी "रडायचं नाही, विश्वास ठेवायचा" एवढंच सांगितलं गेलं, त्यांना दुसऱ्याचं उघडं दुःख बघवत नाही, भीती वाटते. तुमचं सुकलेलं पान बघून त्यांना काय आठवलं असेल कोण जाणे. त्यांच्याशी वाद घालू नका, वचनाला वचन लावून तर अजिबात नको, मी वर दिलेली वचनं तुमच्या मनासाठी आहेत, काकूंना गप्प करण्यासाठी नाहीत. त्यांना एकदा त्यांच्या मिस्टरांबद्दल विचारा, ते गेले तेव्हाचे दिवस कसे होते ते. आणि ऐका.

आता वचन लिहिण्याचा प्रश्न, कारण हा बऱ्याच चित्र काढणाऱ्या ख्रिस्ती लोकांना पडतो. खाली वचन नसेल तर हे काय, नुसतंच पान? इथे मला दोन माणसं आठवतात, दोघंही 1853 साली जन्मलेली.

एक व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याचे वडील प्रोटेस्टंट पाळक होते आणि तो स्वतः चित्रकार व्हायच्या आधी बेल्जियममधल्या बोरिनाज भागात कोळसा खाणकामगारांमध्ये सुवार्तिक म्हणून राहिला होता, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. पुढे 1888 मध्ये त्यानं गेथशेमाने बागेतल्या, म्हणजे पकडलं जाण्याआधी रात्री व्याकूळ होऊन प्रार्थना करणाऱ्या, ख्रिस्ताचं चित्र काढायचा प्रयत्न केला आणि ते खरवडून टाकलं, परत केला, परत खरवडलं. 1889 मध्ये तो फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात होता तेव्हा त्यानं आजूबाजूच्या जैतुनाच्या बागा रंगवल्या, पीळ पडलेली खोडं, कधी पिवळं तर कधी हिरवट आकाश, बहुतेकांत माणूस नाही, देवदूत तर नाहीच. आणि आपल्या चित्रकार मित्राला, एमील बर्नारला, त्यानं लिहिलं की वेदना जाणवून द्यायला थेट गेथशेमानेचाच प्रसंग काढायला हवा असं नाही. मला त्याचं हे म्हणणं पटतं. जैतुनाची झाडं बघून ज्याला ती रात्र आठवायची त्याला आठवते. (त्याचं उदाहरण देते तेव्हा पूर्ण खरं सांगायला हवं. फेब्रुवारी 1890 मध्ये त्यानं भावाच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी निळ्या आकाशावर बदामाच्या फुललेल्या फांद्या काढल्या, इतकं आशेनं भरलेलं चित्र क्वचित बघायला मिळतं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला. चित्रकला हा आजारावरचा इलाज नाही. याच्यावर पुढे बोलते.)

दुसरी लिलियस ट्रॉटर. इंग्लंडमधली, हातात विलक्षण कला असलेली मुलगी. जॉन रस्किन हा त्या काळचा कलेतला सगळ्यात वजनदार माणूस, त्यानं तिची चित्रं पाहिली आणि तिला शिकवायला घेतलं, पूर्ण वेळ कलेला दिला तर तू फार मोठी होशील असं त्याचं म्हणणं होतं. तिनं ते नाकारलं, 1888 मध्ये सुवार्तेच्या कामासाठी अल्जीरियाला गेली आणि 1928 मध्ये तिथेच वारली. पण ब्रश तिनं सोडला नाही. तिच्या डायऱ्या छोट्या छोट्या वॉटरकलरनी भरलेल्या आहेत, फुलं, वाळवंट, माणसं. झाडाझुडपांचं सुकणं आणि बी होणं यातून वधस्तंभाचा अर्थ सांगणारं एक सचित्र पुस्तकही तिनं केलं, आणि त्यात डँडेलायनसारख्या साध्या रानफुलाला, ज्याच्या पाकळ्या गेल्यात आणि जे आता आपलं सगळं बी वाऱ्यावर देऊन टाकतंय, अशा फुलाला तिनं फार मानाची जागा दिली. ती चित्राबरोबर लिहायची. तिला लिहायचं होतं, कारण त्या फुलात तिनं ते खरंच पाहिलं होतं, वचन नंतर चिकटवलेलं नव्हतं.

तर दोन्ही चालतं. चित्र ख्रिस्ती आहे की नाही हे खाली लिहिलेल्या ओळीवरून ठरत नाही. अल्ब्रेख्त ड्यूररनं 1503 मध्ये नुसत्या गवताच्या एका ढेकळाचं वॉटरकलर केलं, त्यातही डँडेलायन आहे, कळ्या मिटलेल्या, खाली चिखलात मुळं, आणि त्यात एक क्रूस नाही की अक्षर नाही. तरी इतक्या क्षुल्लक गोष्टीकडे इतक्या प्रेमानं बघणारं ते चित्र मला एखाद्या स्तोत्रासारखं वाटतं. तुम्हाला एखादं पान काढताना एखादं वचन आपोआप मनात आलं तर लिहा, मागच्या बाजूला लिहिलं तर अजून चांगलं, म्हणजे बघणाऱ्याला आधी चित्र बघू दे. आलं नाही तर लिहू नका. शोधून शोधून लावलेलं वचन चित्राचंही नुकसान करतं आणि वचनाचंही.

आता थोडं कामाचं, आणि हे तुमच्यासारख्या इतरांसाठी पण आहे, कारण अशी पत्रं मला अजूनही येतात.

चित्र काढायला बसलात की लगेच पेन्सिल उचलू नका, थोडा वेळ नुसतं बघा. मग त्याच दिवशीचा बायबलचा एक छोटा भाग मोठ्यानं वाचा, एकच, आणि त्याचा चित्राशी संबंध लावायचा प्रयत्न करू नका. 104 वं स्तोत्र यासाठी मला फार आवडतं, त्यात पक्षी आहेत, झरे आहेत, शिकार मागणारे सिंह आहेत, आणि देव श्वास काढून घेतो तेव्हा प्राणी मातीला मिळतात हेही आहे आणि तो आपला आत्मा पाठवून भूमी पुन्हा नवी करतो हेही, एकापाठोपाठ एक. वाचून झालं की काढा. संपल्यावर देवाला एक वाक्य बोला, एकच, "आज मी हे पाहिलं" एवढं पण चालेल. आईबद्दल राग असेल तर तो सांगा, त्याच्यावर राग असेल तर तोही. दुसरं वाक्य आलं तर बोला, नाही आलं तर उठा. चित्राच्या कोपऱ्यात तारीख टाकत जा, काही महिन्यांनी एकत्र चाळून बघाल तेव्हा तुमचं तुम्हाला दिसेल की काय काय हललंय.

एकच पान चार-आठ दिवस ठेवून परत परत काढून बघा, ते वळतं, रंग बदलतो. सुकलेल्या पानांसाठी काळा रंग वापरू नका, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू एकत्र केले की इतके सुंदर करडे आणि गडद रंग मिळतात की काळ्याची गरजच पडत नाही, आणि त्यात जिवंतपणा राहतो. कागद जाड, 300 जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि मग आपल्यालाच वाटतं की आपल्याला जमत नाही.

ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पान वहीत दाबून ठेवा, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा, एकाच झाडाचा रोज एकाच जागेवरून फोटो काढा, किंवा दुसऱ्या कुणीतरी केलेलं एखादं चित्र निवडून आठवडाभर त्याच्यापुढे बसा. फक्त फोनवर एकामागून एक शंभर चित्रं सरकवत नेऊ नका, त्यात डोळे थकतात आणि हाती काही लागत नाही. आणि स्वतःच्या चित्राची दुसऱ्याच्या चित्राशी तुलना सुरू झाली की समजा विसाव्याची जागा परीक्षेची झाली, तेव्हा काही दिवस कुणाला न दाखवता काढा.

आणि वर जे राहिलं होतं ते. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा आपणही नसलो तर बरं असा विचार मनात येत असेल, तर कृपा करून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, लवकर जा. तुम्ही पत्रात तसं काही लिहिलेलं नाही पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू असेल म्हणून स्पष्ट सांगते. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नाही. प्रार्थना, चित्रं, औषध, तिन्ही एका वेळी चालू शकतात, एकानं दुसऱ्याची जागा घ्यायची नाही एवढंच.

मैत्रिणीचं चित्र. तिनं स्वतः मागितलंय ही फार मोठी गोष्ट आहे, कदाचित तिला माहितीय की तुम्ही तिला खोटं काही देणार नाही. तुमच्या आईचा आजार तिला झालाय, ती घाबरलेली असणार, आणि लोक तिला "सगळं ठीक होईल" सांगून सांगून थकवत असणार. तुम्ही ते लिहू नका, तुम्हाला माहिती नाही आणि तिलाही माहितीय की तुम्हाला माहिती नाही. आधी तिलाच विचारा की तुला काय बघावंसं वाटतं. आजारी माणसाला कुणी निवडायला देत नाही, सगळं दुसरेच ठरवतात, तेव्हा ही छोटी निवड तरी तिची असू दे. तिनं फुलं म्हटली तर फुलं काढा, मनापासून काढा, सुकलेलं पानच खरं आणि फूल खोटं असं काही नसतं. उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पेशंटजवळ ताजी फुलं ठेवू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, तेव्हा रंगवलेलं फूल तिच्या उशाशी राहू शकेल.

आणि ती तुमच्यावरच सोपवते म्हणाली तर मला एक सुचतंय. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात प्रभूच्या सेवकाबद्दल लिहिलंय की चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात तो विझवणार नाही. मत्तयनं हेच येशूबद्दल म्हटलंय. पाण्याकाठचं एक चेपलेलं, वाकलेलं, अजून उभं असलेलं बोरूचं ताट तुम्ही काढू शकाल, मोडक्या फांद्या काढून तुमचा हात तयार झालाय त्याच्यासाठी. त्यात ती बरी होईल असं कुठेही म्हटलेलं नाही, तिला कोण धरून आहे एवढंच आहे. वचन मागे लिहा, बारीक, तिनं विचारलं तर दाखवा. स्वस्तातल्या सेटमधले काही रंग, विशेषतः काही गुलाबी-जांभळे, उजेडानं उडतात, म्हणून तिला द्यायच्या चित्रासाठी ट्यूबवर लाइटफास्ट लिहिलेले रंग घ्या आणि थेट ऊन येईल अशा भिंतीवर लावू नकोस म्हणून तिला सांगा. शक्य असेल तर कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा. तिच्यापुढे तुम्हाला रडू आलं तर येऊ दे. मित्राच्या, लाजारच्या, कबरेपाशी येशू रडला, आणि थोड्याच वेळात तो त्याला उठवणार आहे हे माहिती असूनही रडला.

कार्डांचं मात्र मंडळाला याच आठवड्यात सांगून टाका, लांबवलं की मनात कुढत राहाल. फुलपाखरं काढायला वाईट काहीच नाही, पुनरुत्थानाची खूण म्हणून ख्रिस्ती लोक ती वापरत आलेत, पण तुम्हाला सध्या ती काढायची नाहीत एवढं म्हटलंत की पुरे, कारण द्यायची गरज नाही. त्यांच्यापैकी दुसऱ्या कुणालातरी आवडेल काढायला. आणि तुमची इच्छा असेल तर त्यांना असं सुचवून बघा की ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांच्यासाठी वेगळी कार्डं करू, आतून कोरी, त्यावर तुमची पानं, आणि वचनाच्या जागी पाठवणाऱ्यानं गेलेल्या माणसाची एक आठवण हातानं लिहायची.